जुन्या ताऱ्यांचा पत्ता

तूळ राशीत एचडी १४०२८३ नावाचा एक तारा आहे. त्याची प्रत ७.२, म्हणजे नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण साध्या द्विनेत्रीत सहज दिसतो. अंतर जेमतेम २०० प्रकाशवर्षं, म्हणजे आकाशगंगेच्या हिशेबात शेजारच्याच दारात. मात्र वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाची रंगवार फोड, काढला की तो शेजारी वाटत नाही. सूर्याच्या वर्णपटात लोहाच्या रेषांची दाटी असते. इथे त्या पुसट, विरळ, कित्येक तर गायबच. लोहाचं प्रमाण सूर्याच्या अडीचशेव्या भागाच्या आसपास आणि वय बारा अब्ज वर्षांच्या वर. वेगही असा की दीड हजार वर्षांत तो आकाशात चंद्रबिंबाच्या रुंदीएवढा सरकतो. सूर्याच्या सापेक्ष त्याचा वेग सेकंदाला साडेतीनशे किलोमीटरहून जास्त आहे.

हा तारा इथला नाही, वाटेने चालला आहे. मग असे तारे मुळात राहतात कुठे?

बहुतेक पुस्तकांत एका शब्दात उत्तर मिळतं: प्रभामंडलात. म्हणजे दीर्घिकेच्या (आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या वसाहतीच्या) चपट्या तबकडीभोवती जो विरळ, गोलसर पसारा असतो, त्यात. उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. कारण प्रश्न दोन आहेत. कुठल्या भागात जुन्या ताऱ्यांचं प्रमाण जास्त आहे, हा एक. कुठल्या भागात त्यांची संख्या जास्त आहे, हा दुसरा. कोकणातल्या एखाद्या वाडीत गेलात तर घरोघरी म्हातारी माणसंच भेटतात, पोरं मुंबईला गेलेली. पण संख्येने जास्त म्हातारी माणसं मुंबईतच असतात, फक्त गर्दीत ती दिसत नाहीत. आपल्या आकाशगंगेत प्रभामंडल ही वाडी आहे आणि केंद्राजवळचा गाभा ही मुंबई.

धातू म्हणजे काय, आणि किती कमी म्हणजे कमी

खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला धातू म्हणतात. ऑक्सिजन धातू, कार्बन धातू, निऑनसुद्धा धातू. रसायनशास्त्राच्या मास्तरांसमोर हे बोलू नये, पण या वेडेपणाला कारण आहे. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत जे द्रव्य घडलं ते वजनाने सुमारे ७५ टक्के हायड्रोजन, २५ टक्के हेलियम आणि लिथियमचा नुसता शिंतोडा. बाकीचं जवळपास सगळं पुढे ताऱ्यांच्या पोटात किंवा त्यांच्या स्फोटांत शिजलं. म्हणून एखाद्या ताऱ्यात धातू किती, हे विचारणं म्हणजे तो जन्मला तेव्हा त्याच्या आधी त्या जागी किती तारे जगून मेले होते, हे विचारणं.

सूर्याच्या वजनात धातू जेमतेम दीड टक्का आहेत. त्यांत सर्वांत जास्त ऑक्सिजन, पण मोजपट्टी लोहाची वापरतात, कारण दृश्य प्रकाशात लोहाच्या रेषा शेकड्यांनी मिळतात आणि मोजायला सोप्या जातात. सूर्यात साधारण ३१,६०० हायड्रोजन अणूंमागे लोहाचा एक अणू असतो. ही मोजपट्टीची शून्य खूण. खाली उतरताना प्रत्येक पायरी दहापटीची. उणे १ म्हणजे सूर्याच्या दहावा भाग लोह, उणे २ म्हणजे शंभरावा. उणे ३ वर आलो की ३.१६ कोटी हायड्रोजन अणूंमागे लोहाचा एक, आणि उणे ५ वर ३१६ कोटींमागे एक. उणे १ च्या खालचे तारे ‘धातू-गरीब’ धरतात. उणे २ खाली ‘अति’, उणे ३ खाली ‘अत्यंत’; त्यापुढे विशेषणंच कमी पडू लागतात. आजवरचा नीचांकाचा मान एका अशा ताऱ्याकडे आहे ज्यात लोहाची एकही रेषा सापडली नाही. ऑस्ट्रेलियातल्या स्कायमॅपर दुर्बिणीने तो हेरला आणि २०१४ मध्ये जाहीर झाला. त्याचं लोह ‘उणे ७ पेक्षाही कमी’ एवढंच सांगता येतं, नेमका आकडा नाहीच.

इतके जुने तारे अजून जिवंत कसे? वजनामुळे. सूर्याच्या ०.८ पट किंवा त्याहून हलका तारा आपलं इंधन इतकं जपून जाळतो की विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांत त्याचं मरण येतच नाही. त्या काळातले जड तारे केव्हाच संपले. आज उरलेत ते लहान, मंद तारे, आणि त्यांच्यातले जे नुकतेच म्हातारपणाच्या उंबरठ्यावर येऊन फुगलेत ते तांबडे राक्षसी तारे. दूरवरून दिसतात ते हे दुसरे.

गरीब म्हणजे जुना, पण नेहमीच नाही

‘धातू कमी म्हणून तारा जुना’ हा नियम ठोकून लावला की घोटाळा होतो. धातूंचं प्रमाण हे थेट घड्याळ नाही. त्या जागी तारे किती झपाट्याने जन्मत होते यावर ते चालतं. आकाशगंगेच्या केंद्राजवळ सुरुवातीलाच वायू दाटला होता, तारे भराभर झाले, जड तारे काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांत फुटले आणि पुढच्या पिढीला धातू मिळाले. तिथे एक-दोन अब्ज वर्षांच्या आत लोह उणे १ च्याही वर गेलं. त्याच वेळी एखाद्या बटू दीर्घिकेत कारभार संथ होता आणि तिथे बऱ्याच नंतर जन्मलेला तारासुद्धा उणे २ वरच राहिला. म्हणजे गाभ्यातला तुलनेने ‘श्रीमंत’ तारा बाहेरच्या ‘गरीब’ ताऱ्याहून थोरला असू शकतो.

उलट टोकही आहे. तबकडीत केंद्रापासून दर ३,२६० प्रकाशवर्षांमागे लोह साधारण १३ टक्क्यांनी घटतं. त्यामुळे तबकडीच्या कडेला आज जन्मणारं बाळसुद्धा सूर्यापेक्षा धातूंनी गरीबच असतं. ते म्हातारं नाही, नुसतं गरीब आहे.

हा गुंता सोडवायला दुसरं घड्याळ लागतं. जड ताऱ्यांचे अतिनवतारे, म्हणजे मरतानाचे प्रचंड स्फोट, लवकर होतात आणि ऑक्सिजन, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सिलिकॉन सढळ हाताने देतात. श्वेतबटू, म्हणजे हलक्या ताऱ्यांचे मागे उरलेले गाभे, फुटून होणारे अतिनवतारे उशिरा येतात, कोट्यवधी ते अब्जावधी वर्षांनी, आणि ते मुख्यतः लोह देतात. तेव्हा ज्या ताऱ्यात लोहाच्या मानाने मॅग्नेशियम सूर्याच्या दुप्पट-अडीचपट आहे, तो दुसऱ्या प्रकारचे स्फोट सुरू होण्याआधीच्या द्रव्यातून बनला. लोह आणि मॅग्नेशियम या दोन्ही आकड्यांची जोडी पाहिली की ताऱ्याचं माहेर बऱ्यापैकी ओळखता येतं.

वाडी

आकाशगंगेची पातळ तबकडी, जिच्यात सूर्य, सर्पिल भुजा, वायू, धूळ आणि सगळी तरुणाई आहे, तिच्यातली ताऱ्यांची दाटी मध्यपातळीपासून दर हजार प्रकाशवर्षांमागे सुमारे एक-तृतीयांशावर येते. तिच्या भोवती एक जाड तबकडी आहे, तिच्यासाठी हाच आकडा तीन हजार प्रकाशवर्षांच्या आसपास. १९८३ मध्ये जेरार्ड गिलमोर आणि नील रीड यांनी ती ताऱ्यांच्या मोजणीतून दाखवून दिली. जाड तबकडीतले तारे जुने, पण फार गरीब नाहीत; लोह सरासरी सूर्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढं आणि मॅग्नेशियम भरपूर.

या दोन्हींच्या पलीकडे प्रभामंडल. तीन लाख प्रकाशवर्षांच्याही पलीकडे पसरलेलं, आणि तरी आकाशगंगेच्या एकूण तारकाद्रव्यात त्याचा वाटा एक-दोन टक्के. सूर्याच्या आसपास तबकडीतले दोनशे तारे मोजले तर प्रभामंडलाचा एखादा भेटतो. त्यातल्या त्यात जवळचा कॅप्टिनचा तारा, १२.८ प्रकाशवर्षांवर, आणि तो आकाशगंगेच्या फिरण्याच्या उलट दिशेने चालला आहे. या उपऱ्यांना ओळखण्याची पहिली खूण वेगच होती. सूर्य केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २३० किलोमीटरने फिरतो. प्रभामंडलातले तारे एकत्रितपणे जवळपास फिरतच नाहीत. कोणी आत येतो, कोणी वर जातो. त्यामुळे आपल्याला ते सुसाट वाटतात. खरं म्हणजे धावत असतो आपण.

प्रभामंडलाच्या आतल्या भागात लोहाची सरासरी उणे १.२ ते उणे १.६, दूर गेलं की ती उणे २ कडे घसरते. प्रमाणाच्या दृष्टीने हीच सर्वांत जुनी, सर्वांत गरीब वस्ती. याच वस्तीत गोलाकार तारकागुच्छ आहेत, दीडशेच्या वर, बहुतेकांचं वय ११ ते १३ अब्ज वर्षं. १९१८ मध्ये हार्लो शॅपलीने त्यांचा नकाशा काढला आणि ते धनु राशीच्या दिशेला गोळा झालेले पाहून सूर्य केंद्रात नाही हे ओळखलं. पण गुच्छांचेही दोन गट पडतात: एक उणे १.५ च्या आसपासचा, प्रभामंडलात विखुरलेला. दुसरा उणे ०.५ च्या आसपासचा, गाभ्याला आणि तबकडीला चिकटलेला. फार गरीब गुच्छ जवळजवळ सापडतच नाहीत. उणे २.५ च्या खाली पाटी कोरी, असं बरीच वर्षं वाटत होतं. मग २०२० मध्ये फिनिक्स प्रवाह उणे २.७ वर आणि २०२२ मध्ये सी-१९ प्रवाह उणे ३.४ वर निघाला. हे दोन्ही फुटून दोरीसारखे ताणले गेलेले गुच्छ आहेत. म्हणजे असे गुच्छ होते, टिकले नाहीत.

प्रभामंडल भरलं कसं, यावर जुना वाद. १९६२ मध्ये एगन, लिंडेन-बेल आणि सँडेज यांनी २२१ ताऱ्यांवरून दाखवलं की ताऱ्यात धातू जितके कमी तितकी त्याची कक्षा लांबुळकी. त्यावरून वायूचा प्रचंड गोळा झटक्यात कोसळून आकाशगंगा झाली, असं त्यांनी मांडलं. १९७८ मध्ये सर्ल आणि झिन म्हणाले, छे, हे तुकड्यातुकड्यांनी गोळा झालं आहे. गाया उपग्रहाने २०१८ मध्ये अब्जावर ताऱ्यांची मोजमापं खुली केली आणि पारडं बरंचसं दुसऱ्या बाजूला झुकलं. सूर्याजवळच्या प्रभामंडलातले बहुसंख्य तारे एकाच गिळलेल्या दीर्घिकेचे निघाले. तिला गाया-एन्सेलाडस म्हणतात. वेगांच्या आलेखात तिचे तारे लांबट पट्ट्यासारखे दिसतात म्हणून तिला ‘सॉसेज’ असंही नाव पडलं. ती साधारण आठ ते अकरा अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेत घुसली. एगन मंडळींनी पाहिलेल्या लांबुळक्या कक्षा खऱ्याच होत्या. त्यामागचं कारण मात्र दुसरंच होतं.

मुंबई

प्रभामंडलाची दाटी बाहेरून आत वाढत जाते. केंद्रापासूनचं अंतर निम्मं केलं की दाटी सहा ते अकरा पट होते. हे गणित तसंच आत नेलं तर जुने तारे सर्वांत दाट केंद्रातच असायला हवेत. संगणकावर घडवलेल्या दीर्घिकाही तेच सांगतात: सर्वांत आधी जिथे द्रव्य दाटलं ते ठिकाण आज मोठ्या दीर्घिकेचं पोट बनलेलं असतं.

अडचण धुळीची. सूर्यापासून केंद्र सुमारे २६,७०० प्रकाशवर्षांवर, आणि मधल्या धुळीमुळे तिथला दृश्य प्रकाश सुमारे ३० प्रतींनी मंदावतो, म्हणजे एक लाख कोटी प्रकाशकणांतला एक इथवर पोचतो. त्यातल्या त्यात काही झरोके आहेत. धनु राशीत एनजीसी ६५२२ या गुच्छाभोवतीचा झरोका वॉल्टर बाडेने चाळिशीच्या दशकात वापरला. आजही त्याला बाडेची खिडकी म्हणतात.

दुसरी अडचण गर्दीची. फुगवट्यातले, म्हणजे केंद्राभोवतीच्या फुगीर गाभ्यातले, बहुसंख्य तारे जुने असले तरी धातूंनी सूर्याच्या तोडीचे आहेत. त्यांत गरीब तारा शोधायचा म्हणजे लोकल सुटताना दादरच्या फलाटावर नातलग शोधणं. २०२२ मध्ये हान्स-वॉल्टर रिक्स आणि सहकाऱ्यांनी गायाच्या ठोकळ वर्णपटांवरून केंद्रापासून ३० अंशांच्या आतले सुमारे २० लाख तांबडे राक्षसी तारे चाळले. त्यांतले उणे १.५ आणि उणे २.७ यांच्या दरम्यानचे निघाले १८ हजारांच्या आसपास. शंभरात एकही नाही. पण त्यांची घट्ट गाठ केंद्राभोवती बसलेली, काही हजार प्रकाशवर्षांच्या घेरात, आणि तिचं एकूण वजन दहा कोटी सूर्यांहून जास्त. त्यांनी त्या गाठीला ‘गरीब म्हातारं हृदय’ म्हटलं. नाव थोडं नाटकी आहे, पण बसतं.

इथे एक शंका रास्त आहे. हे तारे खरंच तिथले, की प्रभामंडलातले वाटसरू आत डोकावून परत जाणारे? एका क्षणाच्या जागेवरून हे कळत नाही. वेग मोजून कक्षा काढावी लागते. काढल्यावर दिसतं की दोन्ही आहेत. बरेच तारे केंद्राजवळच घुटमळतात, काही मात्र फार दूरवर जाऊन येतात. आणि धातू जितके कमी, तितकं गाठीचं एकत्रित फिरणं मंद. तबकडी नीट फिरू लागण्याआधीच्या गोंधळाची ही खूण मानतात.

याच शोधाचं पुढचं पान २०२४ मध्ये आलं. हायडेलबर्गच्या माक्स प्लांक खगोलशास्त्र संस्थेतल्या ख्याती मल्हान आणि रिक्स यांनी गायाच्या नोंदींत ताऱ्यांच्या दोन झुंडी दाखवल्या आणि नावं दिली शिव आणि शक्ती. दोघांचं वजन प्रत्येकी सुमारे एक कोटी सूर्यांएवढं, तारे १२ ते १३ अब्ज वर्षांचे. आकाशगंगा घडवणाऱ्या पहिल्या तुकड्यांपैकी हे दोन असावेत, असा त्यांचा अंदाज. त्यावर आक्षेपही आहे: आकाशगंगेच्या मध्यातला ताऱ्यांचा दांडा फिरताना गुरुत्वाने अशाच झुंडी जमवू शकतो, मग वेगळे पूर्वज मानायची गरज काय? हा वाद मिटलेला नाही.

शोधायचे कसे, आणि फसायला कुठे होतं

काम चाळण्यांचं आहे. पहिली चाळणी रंगाची. कॅल्शियमच्या दोन ठळक रेषा जांभळ्या टोकाला ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटरवर असतात. फक्त एवढाच पट्टा आत सोडणारा फिल्टर दुर्बिणीला लावायचा आणि तोच भाग पुन्हा रुंद फिल्टरमधून टिपायचा. ज्या ताऱ्याचा या अरुंद पट्ट्यातला उजेड त्याच्या तापमानाच्या मानाने जास्त, त्याच्यात कॅल्शियम कमी. एका फोटोत हजारो तारे तपासून होतात. दुसरी चाळणी मध्यम बारकाईच्या वर्णपटाची, तिच्यात बरेच उमेदवार गळतात. उरलेल्यांचा तिसऱ्या टप्प्यात बारीक वर्णपट काढतात. इथे तरंगलांबीच्या ३० हजाराव्या भागाइतका फरकही वेगळा दिसावा लागतो. मंद ताऱ्यांसाठी त्याला आठ-दहा मीटरच्या दुर्बिणी आणि तासन्‌तास लागतात. तेजस्वी उमेदवारांचं काम लहान दुर्बिणीवरही भागतं. लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. तिच्या वर्णपटमापकावर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे गट हेच करतात.

फसण्याच्या जागा बऱ्याच. सर्वांत साधी तापमानाची. उष्ण ताऱ्यात धातूंच्या रेषा तशाही पुसट असतात, म्हणून तापमान १०० अंशांनी चुकलं की लोह मोजपट्टीवर सुमारे ०.१ ने सरकतं. एचडी १४०२८३ च्या कुळाची अशीच गफलत झाली होती. रेषा पुसट, तेव्हा तारा उष्ण असणार, असं धरून त्याचा वर्ग चुकीचा लावला होता. १९५१ मध्ये जोसेफ चेंबरलेन आणि लॉरेन्स अ‍ॅलर यांनी हा तारा आणि एचडी १९४४५ नीट तपासून लिहिलं की यांत लोह आणि कॅल्शियम खरोखरच कमी आहे. तोवर सगळ्या ताऱ्यांची घडण सारखीच, असं बहुतेकांना वाटत होतं. त्यांनी दिलेली तूट आजच्या मानाने सौम्य होती, पण दार तिथे उघडलं.

धूळ उलट्या दिशेने फसवते. ती ताऱ्याला तांबूस करते, आपण तो थंड धरतो, थंड ताऱ्यात रेषा जाड हव्यात, त्या दिसत नाहीत, मग आपण म्हणतो गरीब आहे. तो फक्त धुळीमागे असतो. गाभ्याकडे पाहताना ही चूक पावलोपावली होते. मधल्या वायूतलं कॅल्शियमही स्वतःची रेषा उमटवतं, आणि खरोखर गरीब तारा श्रीमंत भासून पहिल्याच चाळणीत गळतो. बारीक वर्णपटात ही उपरी रेषा वेगळ्या वेगामुळे बाजूला सरकलेली दिसते, पण त्यासाठी तारा तिथवर पोचायला हवा. चुंबकीय दृष्ट्या खवळलेल्या ताऱ्यात कॅल्शियमची रेषा मधोमध उजेडाने भरून निघते आणि तो उगाच गरीब वाटतो. कार्बन जास्त असलेले तारे आणखी त्रास देतात, कारण ४३० नॅनोमीटरजवळचा कार्बन-हायड्रोजनचा पट्टा आजूबाजूचा प्रकाश खातो. अत्यंत गरीब ताऱ्यांत असे कार्बनवाले बरेच, त्यामुळे त्यांना वगळून चालत नाही.

मोजमाप नीट झालं तरी हिशेबात खोट राहू शकते. ताऱ्याच्या वातावरणातला प्रत्येक थर तापमानाच्या समतोलात आहे, हे सोपं गृहीतक गरीब ताऱ्यांत लंगडं पडतं. पातळ वातावरणातून जंबुपार प्रकाश आरपार जाऊन लोहाच्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो आणि लोह आहे त्याहून कमी मोजलं जातं. वयाच्या आकड्याचंही तसंच. २०१३ मध्ये हबल दुर्बिणीने एचडी १४०२८३ चं अंतर मोजलं आणि वय निघालं १४.५ अब्ज वर्षं, विश्वाहून जास्त! त्यात ०.८ अब्जांची अनिश्चितता होती, ती बातम्यांत गाळली गेली. पुढच्या हिशेबांत वय विश्वाच्या वयाच्या आत आलं.

पण सर्वांत महागात पडलेली चूक निवडीची. प्रभामंडलातले तारे सुसाट असतात म्हणून अनेक वर्षं सुसाट ताऱ्यांतच गरीब शोधले गेले, आणि ते अर्थातच प्रभामंडलात सापडले. तबकडीत कोणी पाहिलंच नाही. गायानंतर फेडेरिको सेस्तितो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उणे ४ च्या खालच्या ४२ ताऱ्यांच्या कक्षा काढल्या, तर जवळपास चौथा हिस्सा तबकडीच्या पातळीलगतच फिरत होता. सिंह राशीतला, २०११ मध्ये एलिसाबेता काफो यांच्या गटाने शोधलेला प्रसिद्ध तारा त्यांतलाच. धातू सूर्याच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी आणि कक्षा जवळजवळ गोल, आपल्यासारखी. पातळ तबकडी ही तरुणांची जागा, तिथे हा पणजोबा काय करतो? कदाचित तबकडीच्या पातळीतच येऊन मिसळलेल्या एखाद्या बटू दीर्घिकेबरोबर आला, कदाचित तबकडी जमण्याआधीपासूनच होता.

दुसऱ्या दीर्घिकांत

जुन्या आणि नव्या ताऱ्यांचे पत्ते वेगळे असतात, हे मुळात कळलं ते शेजारच्या देवयानी दीर्घिकेवरून, २५ लाख प्रकाशवर्षांवरून. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे विझवले गेले आणि माउंट विल्सनचं आकाश काळंभोर झालं. बाडे जर्मन नागरिक, युद्धकामाला घेतलेला नाही, त्यामुळे १०० इंची दुर्बीण त्याला मनसोक्त मिळाली. त्याने निळ्याऐवजी तांबड्या प्रकाशाला संवेदनशील फोटोच्या काचा वापरल्या आणि देवयानीच्या मध्यातला धूसर उजेड सुट्या ताऱ्यांत फोडला. १९४४ मध्ये त्याने मांडलं: भुजांतले तेजस्वी तारे निळे, मधले तांबडे, गोलाकार गुच्छांतल्यासारखे. भुजांतल्यांना पहिला आणि मधल्यांना दुसरा तारकासमूह (पॉप्युलेशन) हे शब्द तिथून आले. गंमत अशी, की तो मधला भाग गुच्छांसारखा गरीब नव्हताच. १९५७ मध्ये मॉर्गन आणि मेयल यांनी वर्णपटावरून दाखवलं की तिथला उजेड धातूसंपन्न राक्षसी ताऱ्यांचा आहे. जुने म्हणजे गरीब, ही गल्लत खुद्द बाडेपासून चालत आली आहे.

देवयानीचं प्रभामंडल आपल्यापेक्षा भरघोस आणि धातूंनी श्रीमंत आहे. तिने जास्त आणि मोठ्या दीर्घिका गिळल्या असाव्यात. उलट एम १०१ या देखण्या सर्पिल दीर्घिकेला प्रभामंडल जवळपास नाहीच. २०१४ मध्ये ड्रॅगनफ्लाय नावाच्या, ४०० मिलिमीटरच्या आठ कॅमेरा-भिंगांची मोळी बांधून केलेल्या दुर्बिणीने तिच्याभोवती शोधलं, तर प्रभामंडलाचा वाटा ०.३ टक्क्यांच्या आसपास भरला. म्हणजे ‘सर्पिल दीर्घिकेचं प्रभामंडल’ असा काही ठरलेला नमुना नाही. जिने जसं खाल्लं तसं तिचं अंग.

याहून दूरच्या दीर्घिकांत तारे सुटे दिसत नाहीत, फक्त मिसळलेला उजेड मिळतो, आणि तिथे रंगावरून वय सांगणाऱ्याला जपून ऐकावं. ताऱ्यांचं वय तिप्पट केलं काय आणि धातू दुप्पट केले काय, एकत्रित रंग जवळपास सारखाच तांबडा होतो.

इथून काय दिसतं

जुन्या वस्तीचे काही रहिवासी महाराष्ट्रातूनही दिसतात. नुसत्या डोळ्यांना, उन्हाळ्यात डोक्यावर येणारी नारिंगी स्वाती: ३७ प्रकाशवर्षांवर, लोह सूर्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, चाल जाड तबकडीतल्या ताऱ्यांची. एचडी १४०२८३ साठी तूळ राशीतला बीटा तारा धरा आणि द्विनेत्री पूर्वेला साधारण साडेसहा अंश, किंचित दक्षिणेकडे न्या. नकाशा हाताशी हवाच, कारण सातव्या प्रतीचे तारे तिथे बरेच आहेत. धनु राशीतला एम २२ हा गुच्छ सुमारे दहा हजार प्रकाशवर्षांवर, लोह सूर्याच्या पन्नासाव्या भागाएवढं.

आणि नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी. पुण्याहून तो जास्तीत जास्त २४ अंश वर चढतो, मेच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास, ठीक दक्षिणेला. एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतर पाहिलेला बरा, कारण मेअखेर क्षितिजालगत दमट धुरकट पट्टा बसतो. शहराचे दिवे उत्तरेला राहतील अशी जागा निवडावी. द्विनेत्रीत तो कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो, चंद्राएवढा किंवा मोठाच. त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत, आणि त्यांचं लोह एकसारखं नाही. उणे २ पासून उणे ०.५ पर्यंत पसरलेलं आहे. साध्या गुच्छात असं होत नाही, सगळे तारे एकाच वायूतून एकदम जन्मतात. म्हणून हा गुच्छ नसून आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या दीर्घिकेची उरलेली कोय असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात.